महिन्यातला दुसरा गुरुवार: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचा १४ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून या मार्चपर्यंत मी माझ्या यजमानांना घेऊन दक्षिण कोकणातील आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी भरणाऱ्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जात आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगल्याबरोबर काही उणेही सांगायचे आहे, आणि ते तेथे मनापासून काम करणाऱ्या दोन-तीन माणसांच्या माथी मारले जावे अशी माझी इच्छा नाही. यजमानांनी हा मजकूर वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केला आहे आणि तो लिहायला संमती दिली आहे.

आमची हापूसची १८० कलमांची बाग आहे. पाऊस सरला की बेणणी, मग मोहोराची वाट, मोहोर फुटला की तुडतुड्यांसाठी फवारणी, असे ३० वर्षे ज्यांचे वर्ष ठरलेले होते ते यजमान त्या ऑक्टोबरात बागेकडे फिरकेनासे झाले. पहाटे तीनला त्यांना जाग येई आणि उजाडेपर्यंत ते पडवीत बसून राहत. मान दुखते, पोटात जळजळते, हातापायांत त्राण नाही, अशा तक्रारी रोज असत. बांगड्याचे तिखले पुढे ठेवले तरी दोन घास खाऊन ताट सरकवीत. कधी न रागावणारा माणूस फवारणीला आलेल्या गड्यावर एवढ्यातेवढ्यावरून ओरडू लागला. एका वाक्याखेरीज स्वतःविषयी ते काही बोलत नसत, आणि ते वाक्य होते, "जीव खंयच लागना नाय."

मी २६ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते. नैराश्य हा शब्द मी वर्तमानपत्रांत असंख्य वेळा वाचला होता, पण त्या शब्दावरून माझ्या डोळ्यांसमोर रडणारा, निराशेच्या गोष्टी बोलणारा माणूस येई. यजमान रडत नव्हते आणि 'मी दुःखी आहे' असे एकदाही म्हणाले नव्हते. शिवाय कारण तर समोरच दिसत होते. सलग दोन वर्षे अवेळी पावसाने मोहोर काळा पडला होता आणि सोसायटीचे कर्ज थकले होते. कर्ज असलेला माणूस गप्प होणारच, असे मी स्वतःला समजावत राहिले. ही समजूत किती चुकीची होती हे मला पुढे त्या विभागातल्या डॉक्टरांनी सांगितले. पडल्याचे कारण माहीत असले म्हणून मोडलेले हाड मोडलेले नाही असे होत नाही, हे त्यांचे म्हणणे माझ्या मनात पक्के बसले आहे. संकटाने आलेली उदासी माणसाला अधूनमधून सोडते. नातवंड समोर आले, चांगली बातमी कळली, तर तेवढ्यापुरता चेहरा उजळतो. दोन आठवडे आणि त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, कशातच मन रमत नसेल आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, लक्ष हेही बिघडले असेल, तर तो आजार असू शकतो आणि तो तपासून घ्यायला हवा.

या विभागापर्यंत पोहोचण्याआधी आमचे तीन महिने वाया गेले. आधी दोन महिने पित्ताच्या गोळ्या झाल्या. नंतर कोणीतरी सुचवल्यावरून आम्ही एका मोठ्या शहरातील खासगी दवाखान्यात गेलो. तेथे आठशे रुपये भरून तीन तास थांबलो आणि डॉक्टरांच्या समोर सात मिनिटे बसलो. आजाराचे नाव कोणी सांगितले नाही, तीन गोळ्यांपैकी कोणती कशासाठी हेही सांगितले नाही. यजमान दिवसभर झोपेच्या गुंगीत राहू लागले तेव्हा त्यांनी त्या आपणहून बंद केल्या. तिसरा मार्ग घरातल्या वडीलधाऱ्यांनी दाखवला. देवळात गाऱ्हाणे घातले गेले, त्याने यजमानांना खरोखर धीर आला आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. मात्र त्यानंतर ज्या भगताकडे नेले गेले, त्याने डॉक्टरचे औषध पोटात असेपर्यंत आपला इलाज लागू पडणार नाही असे बजावले, आणि हा सल्ला घातक होता असे मी जबाबदारीने म्हणते.

दुसऱ्या गुरुवारविषयी मला आमच्या वाडीतल्या आशा ताईंनी, म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीने, सांगितले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि त्याचाच भाग म्हणून १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात टप्प्याटप्प्याने आला. आमच्या तालुक्याला महिन्यातून एकदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ याच कार्यक्रमातले आहेत. सरकारी नोकरीत असूनही मला हे ठाऊक नव्हते. यजमानांना तयार करायला मात्र आठ दिवस लागले. आमच्याकडे एखाद्याची थट्टा करायची तर "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया" असे म्हणतात, कारण राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे, बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूर येथे आहेत. लहानपणापासून कानावर पडलेल्या त्या वाक्याची यजमानांना भीती बसलेली होती. शेवटी "पित्त कशाने होते ते बघायला जाऊ" असे सांगून मी त्यांना नेले. हे खोटे बोलणे मला अजून टोचते, आणि समुपदेशक बाईंनीही पहिल्याच भेटीत ते हळुवारपणे दुरुस्त करून त्यांना आपण कोठे आलो आहोत ते स्पष्ट सांगितले.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे या समुपदेशक बाई आणि त्या देत असलेला वेळ. पहिल्या दिवशी त्या आमच्याशी पाऊण तासाहून अधिक बोलल्या. त्यांच्याकडे पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छापील मराठी प्रश्नावली होती. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे प्रत्येक प्रश्नात विचारलेले असते. अजिबात नाही याला शून्य, जवळजवळ रोज याला तीन, आणि सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त २७. पाच ते नऊ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, आणि २० पासून पुढे तीव्र असे त्याचे ढोबळ अर्थ आहेत. यजमानांची बेरीज १९ झाली. केवळ या बेरजेवरून निदान होत नाही, ते डॉक्टर तपासून करतात, हेही त्यांनी सांगितले. परंतु मला विशेष वाटले ते त्यांच्या विचारण्याचे. छापील प्रश्नातले 'उदास' आणि 'निराश' हे शब्द यजमानांपर्यंत पोहोचत नाहीत हे ओळखून त्यांनी विचारले, "काका, मागल्या वर्षी मोहोर बघायला किती वाजता बागेत जायचात? आणि यंदा?" यजमान बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले आणि मग तीन महिन्यांत माझ्याशी जेवढे बोलले नव्हते तेवढे त्यांच्याशी बोलले. आपल्यामुळे घर बुडाले, बाग वडिलांनी उभी केली आणि आपण घालवली, हे त्यांच्या मनात चालले होते हे मला तेव्हा कळले. स्वतःला विनाकारण अपराधी मानणे हेही त्या नऊ लक्षणांपैकी एक आहे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो. तो त्यांनी आडून न विचारता सरळ विचारला. असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात भरतो, ही माझी भीती त्यांनी दूर केली. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. यजमानांनी "कधीकधी" असे उत्तर दिले. ते ऐकताना माझी काय अवस्था झाली ते मी येथे लिहीत नाही. बाईंनी मात्र लगेच एक व्यवहाराचे काम सांगितले. बागायतदाराच्या घरी फवारणीची औषधे असतातच, तेव्हा ती खोली आजच कुलूपबंद करा आणि किल्ली घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा, असे त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी किल्ली शेजारच्या चुलत दिरांकडे गेली आणि पुढचे सहा महिने तेथेच राहिली. फवारणी तेच गड्यांकडून करून घेत. असा विचार बोलून दाखवणारे कोणी घरात असेल तर त्याला एकटे सोडू नये, दुसऱ्या गुरुवारची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि गरज पडल्यास १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, हे त्यांनी मला कागदावर लिहून दिले.

डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या रक्ततपासण्या सांगितल्या, कारण थायरॉईड मंदावले किंवा बी-१२ कमी झाले तरी माणूस असाच गळून जातो. दारूविषयीही विचारले, कारण झोप यावी म्हणून घेतलेली दारू हा आजार वाढवते. मग एस्सिटॅलोप्रॅम ही एक गोळी पाच मिलिग्रॅमपासून सुरू केली आणि आठवड्याने दहावर नेली. गोळीचे नाव, काम आणि त्रास या तिन्ही गोष्टी त्यांनी सांगितल्या. पहिले काही दिवस मळमळेल, कदाचित अस्वस्थता थोडी वाढेल, आणि गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतील, असे आधीच कळलेले असल्यामुळे चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली तेव्हा आम्ही घाबरलो नाही. शहरातल्या दवाखान्यात एवढे जरी सांगितले असते तरी आमचे दिवस वाचले असते.

तिसऱ्या आठवड्यात पहाटेची जाग तीनवरून पाचवर आली. गोळीबरोबर बाईंनी एक वही सुरू करायला लावली होती आणि माझ्या मते या उपचारातला तो तितकाच महत्त्वाचा भाग होता. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत माणूस थांबतो, काम थांबल्याने मन अधिकच उतरते, आणि हे चक्र तोडायचे तर मन लागण्याआधीच लहानसे काम ठरवून करायचे असते, असे त्यामागचे सूत्र आहे. पहिल्या आठवड्यातले काम होते सकाळी बागेच्या गडग्यापर्यंत जाऊन परत येणे. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या ओळीतल्या कलमांपर्यंत. मग रोज चार झावळ्यांची झापे विणणे. प्रत्येक कामापुढे ते झाले की नाही आणि करताना कसे वाटले हे दहापैकी आकड्यात लिहायचे. पहिले अनेक दिवस आकडा एक आणि दोन असाच आहे. फेब्रुवारीच्या एका तारखेपुढे सहा आहे आणि शेजारी यजमानांच्या अक्षरात "कणी धरली" एवढेच लिहिले आहे. मोहोरातून मोहरीएवढे फळ धरू लागते त्याला आमच्याकडे कणी म्हणतात. ती वही मी जपून ठेवली आहे.

ही पद्धत आपल्याच किनाऱ्यावर, शेजारच्या गोव्यात पारखली गेली आहे हे मला नंतर कळले आणि फार बरे वाटले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात स्थापन केलेल्या 'संगाथ' या संस्थेने, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांना सहा ते आठ भेटींत हाच उपचार दिला. नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेल्यांना अधिक गुण आला, असे त्या चाचणीत दिसले आणि तिचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, म्हणून तालुक्यातालुक्यांत अशी प्रशिक्षित, त्याच भाषेत बोलणारी माणसे बसवणे हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

दोन गुरुवारांच्या मधल्या दिवसांसाठी आम्हाला १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक दिला होता. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. मी तीनदा फोन केला. त्यातला एक रात्री अडीचला होता आणि तो यजमानांसाठी नसून माझ्यासाठी होता, कारण रुग्णाला सांभाळणारे माणूसही थकते. पलीकडच्या बाईंनी ऐकून घेतले, घाई केली नाही. आमच्या घरात मोबाइलला रेंज नसल्यामुळे तो फोन मी अंगणातल्या फणसाखाली उभी राहून केला, हे ज्यांची घरे खाजणात किंवा डोंगराच्या कुशीत आहेत त्यांनी आधीच पाहून ठेवावे.

सप्टेंबरात एक घसरण झाली. गणपतीला मुंबईहून आलेल्या एका नातलगांनी "या गोळ्यांची सवय लागते" असे सांगितले आणि बरे वाटू लागलेल्या यजमानांनी त्या एकदम बंद केल्या. चार दिवसांत चक्कर येऊ लागली, डोक्यात झिणझिण्या येऊ लागल्या आणि महिन्याभरात पहाटेची जागही परतली. त्या महिन्यात आम्ही गुरुवारी गेलो नाही, तेव्हा दुसऱ्याच दिवशी समुपदेशक बाईंचा फोन आला. कोणत्याही दवाखान्यातून, मी न आल्याची चौकशी करणारा फोन मला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. डॉक्टर रागावले नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी चटक या औषधाची लागत नाही, पण ते अचानक तोडले तर शरीर कुरकुर करते, म्हणून बरे वाटू लागल्यावरही किमान सहा ते नऊ महिने घेऊन मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचे असते, हे त्यांनी पुन्हा एकदा शांतपणे सांगितले. नोव्हेंबरात गाडी रुळावर आली.

आता उणे काय ते सांगते. समुपदेशनाच्या खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याबाहेर इंजेक्शनची रांग आहे. यजमान नवव्या प्रश्नाचे उत्तर देत होते तेव्हा बाहेर आमच्याच गावची दोन माणसे उभी होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो एका पडद्याने सांभाळला जात नाही. पुकारणारे कर्मचारी नावाबरोबर "मानसिकवाले" असेही मोठ्याने ओरडत असत, आणि ती हाक ऐकून एक तरुण मुलगी न तपासताच निघून गेलेली मी पाहिली आहे. तीन वेळा औषध संपलेले होते, तेव्हा आम्ही ते जनऔषधी केंद्रातून कमी दरात घेतले. ज्यांच्या गावाजवळ असे केंद्र नाही त्यांनी काय करावे याचे उत्तर खिडकीवर कोणाकडेही नव्हते. जूनमधल्या गुरुवारी डॉक्टर रजेवर होते. पावसात दोन एसट्या बदलून आलेल्या ३० जणांना ते तेथे आल्यावर कळले. ज्या आजारात अंथरुणातून उठणे हाच डोंगर असतो, त्या आजाराच्या माणसाला असे परत पाठवले तर तो पुढच्या महिन्यात येईलच असे नाही. महिन्यातून एक दिवस हे प्रमाणही फार अपुरे आहे. नव्या रुग्णाला पहिल्या दोन महिन्यांत तरी पंधरा दिवसांनी बोलावता यायला हवे.

खर्चाविषयी लिहायचे तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून विनामूल्य आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. आमचा खर्च झाला तो एसटीचा आणि बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचा.

ज्यांच्या तालुक्यात असा दिवस असेल त्यांनी तो आशा ताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावा. आदल्या दिवशी रुग्णालयात फोन करून डॉक्टर येणार आहेत याची खात्री करावी. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, जुने रिपोर्ट आणि झोप, भूक, काम यांत कधीपासून काय बदलले याची चार ओळींची टिपणी बरोबर न्यावी, कारण समोर बसल्यावर काही आठवत नाही. घरातल्या एका माणसाने बरोबर जावे, पण समुपदेशकांनी बाहेर थांबायला सांगितले तर निमूट थांबावे. मी सुरुवातीला थांबत नव्हते आणि यजमान माझ्यासमोर अर्धेच बोलत होते, हे त्यांनीच या मजकुरात घालायला सांगितलेले वाक्य आहे.

खोलीला दार बसवावे आणि पुकारताना केवळ क्रमांक घ्यावा, असा अर्ज आम्ही सहा कुटुंबांनी मिळून जानेवारीत दिला. क्रमांक पुकारणे फेब्रुवारीपासून सुरू झाले आहे. दाराचे माप घेऊन गेले आहेत. येत्या गुरुवारी यजमानांची गोळी दहावरून पाचवर आणायची की आंबा उतरेपर्यंत थांबायचे हे ठरणार आहे, आणि पहिली पेटी वाशीला पाठवून मग जाऊ म्हणजे सकाळची एसटी चुकणार नाही, असे त्यांनी काल रात्री स्वतः होऊन सांगितले.